ऑनलाइन लिलावातील बेभरवशाचे विक्रेते: नाशिकच्या खरेदीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये जुनी नाणी, टपाल तिकिटे आणि तांब्या-पितळेची भांडी जमवणारी माणसे पुष्कळ आहेत. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता, अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे, आणि तिकिटे व नोटा छापणाऱ्या मुद्रणालयांत नाशिकरोडच्या पिढ्यान्‌पिढ्या नोकरीला गेल्या आहेत. अशा गावात हा छंद रुजला यात नवल नाही. मात्र पूर्वी जी वस्तू भांडी बाजारात किंवा सराफ बाजारात हातात घेऊन, वाजवून पाहून घेतली जायची, ती आता मोबाइलवरच्या दोन छायाचित्रांवर बोली लावून घेतली जाते. त्यातून उद्भवणाऱ्या तंट्यांविषयी मला सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मी वकील नाही. गेली अनेक वर्षे नाणी जमवतो आणि ओळखीच्या खरेदीदारांना तक्रारी लिहून देतो. रक्कम मोठी असेल किंवा प्रकरण गुंतागुंतीचे असेल, तर वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

वस्तू आली नाही, किंवा भलतीच आली. पहिल्या दिवशी काय करावे?

विक्रेत्याला फोन करण्याआधी लिलावाचे पान जतन करावे. वस्तूचे वर्णन, सर्व छायाचित्रे, बोलींची यादी, विक्रेत्याचे नाव, परतीच्या अटी आणि पैसे भरल्याची पावती यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल अशा रीतीने घ्यावेत आणि ते स्वतःला ईमेलने पाठवून ठेवावेत. तक्रारीची कुणकुण लागताच वर्णन बदलणारे किंवा पानच काढून टाकणारे विक्रेते मी पाहिले आहेत. वर्णनातला ‘अस्सल’ हा एक शब्द गायब झाला, तर पुढे आपले म्हणणे सिद्ध करणे किती अवघड होते, हे प्रत्यक्ष प्रसंग आल्यावरच कळते.

त्यानंतर विक्रेत्याला लेखी कळवावे, आणि तेही त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या संदेशपेटीतून. फोनवरचे बोलणे हवेत विरते. फोन झालाच, तर लगेच ‘आत्ता आपले असे असे बोलणे झाले’ असा संदेश टाकून ते कागदावर आणावे.

विक्रेता गोड बोलतो आणि रोज उद्याचा वायदा करतो. किती दिवस थांबावे?

बहुतेक प्रकरणांचा निकाल याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

प्रत्येक संकेतस्थळाची तक्रार नोंदवण्याची एक मुदत असते. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाच्या ग्राहक हमीत वस्तू मिळाल्यापासून, किंवा ती मिळण्याची जी शेवटची अपेक्षित तारीख असते तिच्यापासून, ३० दिवसांत तक्रार करावी लागते. पेपाल या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेत पैसे भरल्यापासून १८० दिवसांत वाद नोंदवता येतो, पण नोंदवल्यानंतर २० दिवसांत तो दाव्यात (म्हणजे पेपालनेच निर्णय द्यावा अशा मागणीत) बदलला नाही, तर आपोआप बंद होतो. बेभरवशाच्या विक्रेत्याला या तारखा तोंडपाठ असतात. आपल्याला नसतात, आणि नेमके तेच त्याच्या पथ्यावर पडते.

माझ्या बाबतीत असेच घडले. परराज्यातल्या एका विक्रेत्याकडून मी व्हिक्टोरिया राणीच्या एक रुपयाच्या पाच नाण्यांचा संच बोलीत घेतला. पैसे त्याच दिवशी दिले. माणूस बोलायला इतका गोड, की त्याच्यावर संशय घेणे मलाच अपराधासारखे वाटे. आधी घरात लग्न होते, मग कुरिअरवाल्यांचा संप होता, मग म्हणाला, ‘काका, संक्रांत झाली की पहिले पार्सल तुमचेच.’ मी भिडेखातर थांबलो. संक्रांत झाली, तक्रारीची मुदत संपली, आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने हात वर केले. पैसे गेले ते गेलेच. मला आजही जास्त टोचते ते हे, की मुदतीच्या आत एक साधा अर्ज भरायला मला दहा मिनिटे लागली असती.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. पैसे दिले त्याच दिवशी तक्रारीची शेवटची तारीख पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची, आणि तिच्या किमान एक आठवडा आधी औपचारिक तक्रार नोंदवायची, विक्रेता कितीही सज्जन वाटला तरी. वस्तू नंतर आलीच तर तक्रार मागे घेता येते. मुदत उलटल्यावर मात्र ती बहुधा नोंदवताच येत नाही.

तक्रार केली तर विक्रेता दुखावेल आणि उरलीसुरली आशाही जाईल, असे वाटते.

प्रामाणिक विक्रेता तक्रारीने दुखावत नाही. तो पार्सलचा क्रमांक पाठवतो. तक्रारीच्या भाषेत राग नसावा एवढे पाहावे. तारीख, रक्कम, वस्तू आणि मागणी, इतकेच लिहावे.

पार्सल कसे उघडावे? पुरावा म्हणून काय उपयोगी पडते?

पार्सल हातात आल्यावर ते फोडण्याआधी सहाही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. मग कोणाला तरी मोबाइल धरायला सांगून, मध्ये न थांबता, एकसलग चित्रीकरण करत ते उघडावे. पत्त्याची चिठ्ठी, टेप, आतला कागद आणि वस्तू या सगळ्या गोष्टी त्या एकाच चित्रफितीत यायला हव्यात.

चिठ्ठीवरचे वजन पाहायला लोक विसरतात. स्पीड पोस्टाच्या पावतीवर आणि चिठ्ठीवर पार्सलचे वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. दीड किलोचा पितळी तांब्या पाठवल्याचा दावा असेल आणि चिठ्ठीवर ३१० ग्रॅम छापलेले असेल, तर खोक्यात तांब्या कधी नव्हताच, हे टपाल खात्याची पावतीच सांगते. यावर विक्रेत्याला सहसा उत्तर देता येत नाही. म्हणून खोके आणि चिठ्ठी तंटा मिटेपर्यंत टाकू नयेत.

वस्तूचीही मोजमापे घ्यावीत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या चांदीच्या रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के असते. वापराने झिजलेला रुपया काही दशांश ग्रॅमने हलका भरतो, पण दोन-दोन ग्रॅमने नाही. माझ्या एका स्नेह्यांना आलेला १८६२ सालचा रुपया आम्ही सराफाच्या काट्यावर ठेवला तेव्हा ९.८४ ग्रॅम भरला. चुंबक जवळ नेला तर तो टक्‌ करून चिकटला. चांदी चुंबकाला चिकटत नाही. काट्यावरचा आकडा, चुंबकाला लटकलेले नाणे आणि शेजारी ठेवलेले त्या दिवसाचे वर्तमानपत्र अशी तीन छायाचित्रे तक्रारीला जोडली, आणि संकेतस्थळाने आठवडाभरात पैसे परत दिले. स्वयंपाकघरातला काटा अशा कामाला चालत नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा, आणि सराफाकडून त्याच्या छापील कागदावर वजनाची चिठ्ठी मिळाली तर फारच चांगले.

ही सगळी छायाचित्रे आणि संदेश पुढे ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात द्यायचे झाले, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत एक प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी मूळ फोन, मूळ फाइल आणि मूळ संभाषण जपून ठेवावे. केवळ कोणी पुढे पाठवलेल्या प्रती पुरेशा मानू नयेत.

ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसते, पण पार्सल मिळालेच नाही. हे कसे?

कधीकधी पोस्टमनने ते शेजारी किंवा सोसायटीच्या वॉचमनकडे दिलेले असते, तेव्हा आधी तिथे विचारावे. पण एक जुनी लबाडीही आहे. विक्रेता खरेदीदाराच्याच पिनकोडमधल्या दुसऱ्याच कुणाच्या पत्त्यावर रिकामे पाकीट पाठवतो. ट्रॅकिंगवर गाव बरोबर दिसते, तारीख बरोबर दिसते, आणि संकेतस्थळ विक्रेत्याच्या बाजूने निर्णय देते. अशा वेळी ट्रॅकिंगच्या क्रमांकासह आपल्या टपाल कार्यालयात लेखी अर्ज करावा आणि पार्सल कोणत्या नावाने, कोणत्या पत्त्यावर आणि कोणाच्या सहीने दिले गेले याची माहिती मागावी. पार्सल आपल्या नावाचे नव्हतेच, असे उत्तर लेखी मिळाले की ते जोडून तक्रार पुन्हा उघडायला सांगावे.

‘लिलावातली वस्तू जशी आहे तशी, परत घेणार नाही’ असे विक्रेत्याने लिहिले आहे. मग आपला हक्क संपला का?

नाही. वस्तूची पारख खरेदीदाराने करावी हे तत्त्व आपल्या कायद्यात आहे, पण त्याला मर्यादा आहेत. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विक्री झाली असेल, तर वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे ही अट त्या व्यवहारात अध्याहृतच असते. ऑनलाइन लिलाव म्हणजे जवळजवळ नेहमीच वर्णनावरून झालेली विक्री. ‘चांदीचा’ म्हणून विकलेला रुपया लोखंडाचा निघाला, तर ‘जशी आहे तशी’ हे शब्द विक्रेत्याला सहजासहजी वाचवू शकत नाहीत.

शिवाय ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे संकेतस्थळावरून माल विकणाऱ्या विक्रेत्याला सदोष, बनावट किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. मात्र एखादी व्यक्ती नियमित धंदा म्हणून नव्हे, तर घरातली एखादी जुनी वस्तू सहज विकत असेल, तर हे नियम तिला लागू होत नाहीत. म्हणून विक्रेत्याची मागील विक्री किती आहे याचाही स्क्रीनशॉट घ्यावा. दोनशे लिलाव करणारा माणूस ‘मी धंदेवाईक नाही’ असे म्हणू शकत नाही.

एका गोष्टीत गल्लत होऊ देऊ नये. विक्रेत्याचे वकील कधीकधी चंदीगड प्रशासनाच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ सालच्या निकालाचा दाखला देतात आणि ‘लिलावातला खरेदीदार ग्राहकच नसतो’ असे सांगतात. तो निकाल सार्वजनिक लिलावात ‘आहे त्या स्थितीत’ दिलेल्या भूखंडांविषयी होता. नाणे, घड्याळ किंवा मोबाइल विकणाऱ्या व्यापाऱ्याला त्याचा आधार तसाच्या तसा घेता येऊ नये, असे माझे मत आहे. बँकांच्या जप्त मालमत्तेचे किंवा सरकारी भंगाराचे ई-लिलाव मात्र वेगळ्या अटींवर चालतात. त्या अटी सही करण्याआधी वाचाव्यात.

आपल्याविरुद्ध कोणीतरी खोट्या बोली लावून भाव चढवला, असा संशय आहे. काय करता येते?

हा संशय अनेकदा खरा असतो. विक्रेताच दुसऱ्या नावाने किंवा मित्राकरवी बोली लावतो. खुणा ओळखीच्या असतात: तोच बोलीदार त्याच विक्रेत्याच्या बहुतेक लिलावांत दिसतो, पण शेवटी जिंकत कधीच नाही, त्याच्या बोली छोट्या-छोट्या टप्प्यांनी आपल्या कमाल रकमेपर्यंत येऊन थांबतात, आणि चुकून तो जिंकलाच, तर तीच वस्तू आठवड्याने पुन्हा लिलावात येते.

वस्तुविक्री अधिनियमाचे कलम ६४ याविषयी स्पष्ट आहे. बोली लावण्याचा हक्क विक्रेत्याने आधी जाहीरपणे राखून ठेवलेला नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदा आहे. आणि भाव वाढवण्यासाठी खोटी बोली वापरली असेल, तर विक्री रद्द करण्याचा पर्याय खरेदीदाराकडे असतो. तीन-चार लिलावांच्या बोलींच्या याद्या शेजारी-शेजारी लावून संकेतस्थळाकडे पाठवाव्यात. एकाच लिलावावरून सहसा काही सिद्ध होत नाही.

लिलाव हरलो, पण विक्रेत्याने खासगी निरोप पाठवला की पहिला माणूस मागे हटला, तुम्हीच घ्या. घ्यावे का?

संकेतस्थळाच्या अधिकृत मार्गानेच प्रस्ताव आला असेल तर विचार करावा. बाहेर पैसे पाठवायला सांगितले, तर अजिबात पाठवू नयेत. तो निरोप विक्रेत्याचाच आहे याचीही खात्री नसते.

व्हॉट्सॲप आणि फेसबुक ग्रुपवरच्या लिलावांचे काय?

तिथे सर्वांत जास्त माणसे पोळतात. ईबेचे भारतातले संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. त्यावर पैसापे नावाची सोय होती आणि पैसे मधल्या खात्यातून जात. आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी त्यानंतर ग्रुपची वाट धरली. तिथे संध्याकाळी अ‍ॅडमिन छायाचित्र टाकतो, ‘बेस पाचशे, बिड पन्नासच्या पटीत’ असे लिहितो, रात्री दहाला ‘सोल्ड’ म्हणतो आणि जिंकणारा लगेच यूपीआयने पैसे पाठवतो. मध्ये कोणी नाही, हमी नाही, तक्रारीची खिडकी नाही. पुष्कळ ग्रुप उत्तम चालतात आणि तिथले अ‍ॅडमिन पदरमोड करून तंटे मिटवतात, हे मी आदराने सांगतो. पण तो चांगुलपणा आहे, आपला हक्क नव्हे.

ग्रुपवर घ्यायचेच असेल, तर विक्रेत्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि बँक खात्यावरचे नाव आधी मिळवावे, लिलावाचे संभाषण ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवावे, आणि वस्तू महाग असेल तर प्रत्यक्ष भेटून व्यवहार करावा. ग्रुपमधून काढून टाकले की जुने संदेश शोधणे त्रासाचे होते, म्हणून ही प्रत लिलाव संपताच काढावी.

पैसे कसे दिले यावर ते परत मिळणे अवलंबून असते का?

फार मोठ्या प्रमाणात. क्रेडिट कार्डाने दिले असतील, तर ‘वस्तू मिळाली नाही’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाने बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम उलट फिरवून, मागता येतो. त्यालाही मुदत असते, तेव्हा वस्तू येत नाही असे दिसताच बँकेला लेखी कळवावे. डेबिट कार्डालाही ही सोय असते, पण पाठपुरावा जास्त करावा लागतो. यूपीआयने आपण स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे मात्र विक्रेत्याच्या खात्यात पोचले की पोचले. ‘तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य’ हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ सालचा नियम अनेक जण पुढे करतात, पण तो आपल्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपणच पाठवलेल्या पैशांना तो लागू होत नाही.

आणि एक कळकळीची सूचना. तंटा सुरू झाल्यावर ‘पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’ असा निरोप आला, तर तो दुसरा दरोडा समजावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

पोलिसांत कधी जावे? १९३० क्रमांक कशासाठी आहे?

विक्रेता पैसे घेऊन नाहीसा झाला, त्याने खोटे नाव वापरले, किंवा तीच छायाचित्रे दाखवून अनेकांकडून पैसे घेतले असे दिसले, तर हा केवळ तंटा राहत नाही, ती फसवणूक होते. तेव्हा तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता यावेत यासाठी ही व्यवस्था आहे, त्यामुळे इथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय पत्ता फोन करण्याआधी हाताशी ठेवावा.

नंतर सायबर पोलिस ठाण्यात जावे. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण यांची ठाणी वेगळी आहेत, त्यामुळे सिन्नर, निफाड किंवा त्र्यंबकेश्वरच्या रहिवाशाने ग्रामीण पोलिसांकडे जावे. हद्दीचा प्रश्न निघालाच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेता येते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६डी लागू होऊ शकते.

मात्र पार्सलला दहा दिवस उशीर झाला म्हणून १९३० ला फोन करू नये. तो क्रमांक ज्याचे पैसे त्या क्षणी पळवले जात आहेत त्याच्यासाठी मोकळा राहिला पाहिजे.

संकेतस्थळाची कंपनी म्हणते, ‘आम्ही फक्त मध्यस्थ आहोत.’

मध्यस्थालाही कर्तव्ये आहेत. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यायचा असतो. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. खरेदीनंतर आपण लेखी मागणी केली, तर विक्रेत्याचा मुख्य पत्ता, ईमेल आणि तंटा सोडवण्यासाठी लागणारी इतर माहिती कंपनीने आपल्याला द्यायची असते. ही मागणी फार थोडे लोक करतात. पुढे आयोगात जायचे तर विक्रेत्याचा पत्ता लागतोच, म्हणून ती पहिल्याच तक्रारीत करावी.

तरीही टोलवाटोलवी चालू राहिली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करावा. मराठीत बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीकडे तक्रार पोचवते, आणि लहान रकमांची पुष्कळ भिजत घोंगडी तिथेच वाळतात.

नोटीस कशी लिहावी? वकीलच लागतो का?

वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहून ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, पोच मागून, पाठवावी. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे, त्यामुळे खिडकीवर तसे सांगावे. मजकूर साधारण असा असावा:

‘आपल्या लिलावात मी व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा एक रुपया ४,२०० रुपयांना घेतला आणि त्याच दिवशी पूर्ण रक्कम दिली. वर्णनात आपण “अस्सल, चांदीचा, वजन ११.६ ग्रॅम” असे लिहिले होते. मिळालेल्या नाण्याचे वजन ९.८४ ग्रॅम असून ते चुंबकाला चिकटते. वर्णनाशी न जुळणारी वस्तू दिल्याबद्दल ४,२०० रुपये आणि टपालखर्च ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावा. नाणे तुमच्या खर्चाने परत पाठवण्यास मी तयार आहे. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, नाशिक येथे तक्रार दाखल करीन.’

धमक्या, शिव्या, ‘तुला बघून घेतो’ यांतले काहीही नको. ही नोटीस एक दिवस आयोगाच्या टेबलावर वाचली जाणार आहे, असे समजून लिहावी.

विक्रेता कोलकात्याचा आहे. खटल्यासाठी तिकडे जावे लागेल का?

नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. म्हणजे पंचवटीत राहणाऱ्याने नाशिकच्याच आयोगात जावे. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही स्पष्ट तरतूद नव्हती, आणि तेव्हा दोन-चार हजारांसाठी परराज्यात खेपा घालण्यापेक्षा लोक नशिबाला बोल लावून गप्प बसत.

वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. ती ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि अर्ज केल्यास सुनावणी व्हिडिओवरून होऊ शकते. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस, आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५ दिवस मिळतात. कायद्याने निकालाचे उद्दिष्ट तीन महिन्यांचे, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांचे ठेवले आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ही तयारी मनाशी ठेवावी. तक्रारीत विक्रेता आणि संकेतस्थळाची कंपनी या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे.

मी नाणी घेऊन पुढे विकतो. मला ग्राहक म्हणून तक्रार करता येईल का?

पुनर्विक्रीसाठी घेतलेल्या मालाच्या बाबतीत नाही. कायद्याच्या व्याख्येतच ते वगळले आहे. आपल्याला दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे आणि त्यासाठी मुदत कायद्याप्रमाणे साधारणपणे तीन वर्षे मिळतात. घरगुती, एकदाच वस्तू विकणाऱ्या माणसाविरुद्धही बहुधा हाच मार्ग उरतो. खरे संग्राहक कधीमधी जास्तीचे नाणे विकतात, तेवढ्याने ते व्यापारी ठरू नयेत. पण संदेशांत ‘पुढे काढायला घेतोय’ असे लिहिले असेल, तर ते वाक्य आपल्याच विरोधात वाचले जाईल.

विक्रेता म्हणतो, ‘जोगलटेंभीजवळ शेतात सापडलेली नहपानाची नाणी आहेत.’

हे ऐकताच थांबावे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे जे काही सापडेल, ते सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. म्हणजे गोष्ट खरी असेल तर विक्री बेकायदा, आणि खोटी असेल तर नाणीही बहुधा खोटी. दोन्ही बाजूंनी नुकसान आपलेच. नहपानाच्या नाण्यांच्या, साच्यातून ओतलेल्या नकला बाजारात आहेत. कडेवर ओतकामाची बारीक रेघ आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले, तर भिंगातून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

विक्रेता म्हणतो, ‘आधी पाच तारे द्या, मग पैसे परत करतो.’ किंवा: त्याचे नाव-फोटो फेसबुकवर टाकू का?

पैसे खात्यात जमा होईपर्यंत कोणताही अभिप्राय देऊ नये आणि तक्रार मागे घेऊ नये. मागितलेला सौदा लेखी असेल, तर तो जसाच्या तसा संकेतस्थळाकडे पाठवावा. अभिप्राय देताना घडलेले तेवढेच लिहावे: ‘अमुक तारखेला पैसे दिले, वस्तू आली नाही, पाच संदेशांना उत्तर नाही.’ ‘चोर’, ‘टोळी’ असे शब्द, घरचा पत्ता किंवा कुटुंबाचे छायाचित्र टाकल्यास बदनामीची तक्रार उलट आपल्यावर येऊ शकते, आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

विक्रेता परदेशातला असेल तर?

इथली नोटीस आणि इथला आयोग यांचा व्यवहारात फार उपयोग होत नाही. संकेतस्थळाची हमी, पेपाल आणि कार्डाचा चार्जबॅक हीच खरी शस्त्रे आहेत, आणि तिन्हींच्या मुदती कडक आहेत. वस्तू परत पाठवण्याची वेळ आली तर आणखी एक अडचण येते. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्यामुळे तशा वस्तूवर बोली लावण्याआधी, परत करायची झाली तर ती कशी करणार, हे संकेतस्थळाला लेखी विचारून ठेवावे.

आयोगाने आपल्या बाजूने निकाल दिला, पण विक्रेता पैसे देत नाही.

निकालाची प्रमाणित प्रत घेऊन त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करावा. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ७१ प्रमाणे आयोगाचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ प्रमाणे एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपिलाची मुदत ४५ दिवस आहे, म्हणून ती उलटताच अर्ज दाखल करावा, आणि त्यात विक्रेत्याचे ज्या खात्यात आपण पैसे भरले त्या बँक खात्याचा तपशील लिहावा. पैसे दिल्याच्या दिवशी जपून ठेवलेली पावती इथे पुन्हा लागते.